हाकेचा दगड

४ ऑक्टोबर

आले एकदाची! खोली माहिती केंद्राच्या वरच आहे. एका खिडकीतून डोंगर, दुसरीतून समुद्र. कुठल्या खिडकीशी बसून चहा प्यायचा हाच काय तो प्रश्न. ताईला फोन केला तर म्हणाली, लोक रजा काढून जातात तिथे तू नोकरीला गेलीस, मजा आहे बाई तुझी. आहेच मुळी! पलंग कुरकुरतो आणि नळाला पाणी करंगळीएवढं येतं, पण तेवढं चालायचंच.

६ ऑक्टोबर

काम म्हणजे खिडकीपाशी बसून लोकांना वाटा दाखवायच्या. सकाळी धबधबा किंवा रोपवे, दुपारी जुन्या होड्यांचं संग्रहालय, संध्याकाळी दीपगृह. बोलायला मला कोण शिकवणार? एका आजोबांना मी होड्यांचं असं वर्णन करून सांगितलं की ते म्हणाले, आता जायची गरजच उरली नाही.

मॅडम, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुख, हसत नाहीत. आज त्यांनी मला कड्यावर नेलं. खाली समुद्राच्या काठाला गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर माणसांचे चेहरे कोरलेत, शेकड्यांनी. अंगावर काटा येतो, पण बघण्यासारखे आहेत. कड्यावरून एक पायवाट खाली जाते. मात्र धुकं कधीही उठतं आणि मधल्या वळणावर बकऱ्यांच्या वाटा फुटतात, त्या थेट कड्याच्या टोकाशी जाऊन संपतात. म्हणून इथली रीत अशी, की ज्याने पाठवलं त्याने वर दगडावर बसून राहायचं. परतणारे वळणावर थांबून ओरडतात, येऊ का? वरच्याने म्हणायचं, या! त्या आवाजाच्या रोखाने ते चढतात. हाक मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे उतरणाऱ्या प्रत्येकाला बजावायचं. दुसऱ्या कुणाला बसवलं तर चालेल का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. ज्याचा आवाज ऐकून माणूस उतरतो, त्याच आवाजावर तो चढतो. कारण विचारलं तर वळून चालायला लागल्या.

९ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा दगडावर बसले. कॉलेजच्या मुली होत्या, खालून एका सुरात ओरडल्या. मी मोठ्या थाटात 'या' म्हटलं. घरी पाहुण्यांना बोलावल्यासारखं वाटलं. बसून बसून कंबर मात्र धरली. दगड कसला गार!

११ ऑक्टोबर

एक कुटुंब आलं होतं. आई, वडील आणि आठेक वर्षांची मुलगी. आईचा गुडघा दुखत होता, ती हॉटेलवरच थांबणार होती. वडिलांना दीपगृह बघायचं होतं. गुहेचं मीच सांगितलं, नको तेवढं रंगवून. मुलगी नाचायलाच लागली. मला काकू म्हणाली, तेव्हा जरा राग आला. काकू काय काकू!

बापलेक उतरले आणि धुकं आलं. मला शिंका सुटल्या. रोपवेपाशी आमच्या केंद्राची गाडी चालवणारा चहा पीत होता, त्याने हात केला. म्हटलं, पाच मिनिटं. त्याच्या गप्पा म्हणजे एकाला एक जोडलेल्या, उठूच देत नाही माणसाला. परत आले तेव्हा धुकं विरलं होतं. दोनतीनदा 'या' म्हणून पाहिलं. खाली कुणी नव्हतं. गेले असतील आपले आपण वर येऊन. वडील बरोबर आहेत, वाट काय दिसत नाही? बूट ओले झाले ते वेगळंच.

१२ ऑक्टोबर

सकाळी ती आई आली. रात्रभर दोघं परतलेले नाहीत.

मॅडमनी विचारलं, तू बसली होतीस ना? माझ्या तोंडून निघून गेलं, हो. मग पुढचंही निघालं. दोघं वर आले, मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती ती मी बांधून दिली, मग ते डोंगरात धबधब्याकडे गेले. कुठून सुचलं मला हे? नाडीचं कुणी विचारलंही नव्हतं.

सगळे शोधायला डोंगरावर गेले आहेत. गुहेकडे कुणीच गेलं नाही. माझ्या शब्दावर.

१३ ऑक्टोबर

डोंगरावर काही सापडलं नाही. कसं सापडेल?

सांगायला दोनदा मॅडमच्या दारापर्यंत गेले. दोनदा परत फिरले. नोकरी जाईल, लोक तोंडावर थुंकतील, आणि समजा ते खरंच धबधब्याकडे गेले असतील तर? मी स्वतःलाच गंडवते आहे, कळतंय मला.

ती आई येऊन माझ्याशेजारी बसली. लेकीला शेवटचं मीच पाहिलं म्हणून. ती काय बोलली, असं विचारत होती. मी सांगितलं, आईसाठी शिंपले घेतलेत म्हणाली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि रडली. आभार मानले हो माझे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, ते आज कळलं.

१४ ऑक्टोबर

संग्रहालयात पत्रकं ठेवायला गेले होते. भर दुपार, उन्हाचा पट्टा थेट होड्यांवर. आत कुणी नाही. मोठ्या होडीच्या आतून आवाज आला. येऊ का, काकू?

मी पळाले. पत्रकं तिथेच पडली.

संध्याकाळी फोनवर ताईशी बोलत होते. मध्येच तिचा आवाज गेला आणि तोच प्रश्न आला. अगदी हळू, अगदी शहाण्यासारखा. कुणीतरी शिकवलेलं नीट पाळावं तसा. हाक मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असं तिला मीच बजावलं होतं.

म्हणजे ती अजून वळणावर उभी आहे. तीन दिवस!

जिवंत असेल का? असेल तर — नाही, मी आज सांगणार. आज नक्की.

१५ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

सकाळी खिडकीच्या कठड्यावर शिंपले होते. ओले. मूठभर. ते खोटं होतं, मी रचलेलं, शिंपल्यांचं कुणी बोललंच नव्हतं —

मी ते गोळा करून कचऱ्यात टाकले. तेवढ्यात ती आई आली, मागोमाग मॅडम. मॅडमनी विचारलं, हात ओले कशाने? मी म्हटलं, भांडी घासत होते.

आता दर थोड्या वेळाने. कपाटातून. नळातून. येऊ का? येऊ का? बापाचाही आवाज आहे, पण तो दमलाय.

१६ ऑक्टोबर, सकाळ

सांगितलं. त्या आईच्या पाया पडून सगळं सांगितलं. चहाचंसुद्धा.

ती ओरडली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मॅडम आणि बाकी सगळे डोंगरावर, फोन लागत नाहीत. त्यांच्यासाठी थांबा म्हटलं, मी उतरते म्हटलं. नको म्हणाली. म्हणाली, तुम्ही दगडावर बसा. या वेळी उठू नका.

तो गुडघा घेऊन ती उतरली.

दुपार

दगडावर आहे. लिहिलं की बसवतं, म्हणून लिहिते आहे. धुकं आलंय. उठणार नाही. देवाशपथ उठणार नाही.

आवाज आला. येऊ का?

तिचाच. आईचा. धापा टाकते आहे, पण जिवंत माणसाचा आवाज आहे. खोकली. मग मुलीचा. मग त्याचा. तिघंही! सापडले! मी घसा फुटेस्तोवर ओरडले, या! या!

पावलं चढताहेत. भराभर. एवढा खडा चढ, आणि कुणालाच धाप कशी —

मुलगी दिसली. मागे तो. तिच्या बुटाची नाडी सुटलेली. केसांतून पाणी. हसत नाही, रागावलेलीही नाही. मी विचारलं, बाई, तुझी आई कुठे?

आई अजून खालीच आहे. विचारते आहे. येऊ का? बकऱ्यांच्या वाटेच्या बाजूने येतोय आवाज, चुकीच्या बाजूने, तिला नुसतं 'या' ऐकू यायला हवं, एकदाच —

तोंडावर हात आहे. लहान. ओला. गार. सुटत नाही. मी उठलेली नाही, मी इथेच आहे, मी ओरडते आहे पण

ती परत विचारते आहे. अहो, तुम्ही आहात ना, येऊ