पप्पांना सांगू नकोस

प्रिय मम्मी,

फोनवर पप्पा बाजूलाच असतात, म्हणून पुण्याहून लिहितोय. खांद्याचं ऑपरेशन नीट झालं. प्रीतलताई वेळेवर जेवायला घालते. पप्पांचा गुडघा कसा आहे?

बोटीवर माझा खांदा निखळला की पप्पा काखेत टाच रोवून, हात ओढून तो बसवायचे. पाचूबंदरला उतरल्यावर सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. डॉक्टर म्हणाले, दर वेळी असं ओढल्यानंच सांध्याचं हाड झिजलं. आता स्क्रू बसवलेत, पण जाळं कधीच ओढायचं नाही. माझ्या जागी दुसरा खलाशी बघा.

रोझरीच्या प्रार्थनेत माझं नाव घेतेस ना? आता पप्पांचं आधी घे.

डॉक्टर काय म्हणाले, ते पप्पा विचारतीलच. सांग, खांदा बसवणाऱ्याचा हात चांगला होता म्हणाले.

तुझाच,
ब्रायन