बाहेरून एकच पत्ता

दादा,

दूध तापवून झाकून ठेवलंय. मी शाळेत जातेय, मोठ्या बाईंनी परत बोलावलंय.

गणिताच्या सरांना शिव्या घालणारा, शाळेच्या वेबसाइटवरचा तो निनावी मजकूर आपल्या घरच्या इंटरनेटवरून गेलाय, म्हणजे मीच टाकलाय, असं त्या काल म्हणाल्या. मी सरळ फळ्यावर चित्र काढलं! घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला राउटर वेगळा नंबर देतो, पण बाहेर पाठवताना सगळ्यांवर स्वतःचा एकच पत्ता चिकटवतो. उत्तर कुणाला द्यायचं, याची नोंद आत ठेवतो आणि काम झालं की पुसतो. बाहेरच्याला आतलं माणूस दिसतच नाही, मग मीच कशावरून?

बाई म्हणाल्या, "शाब्बास! मग तू नाहीस, तर घरातलं कोण?"

स्वतःच्या हुशारीत स्वतःच अडकले रे!

सरांनी मला वर्गात रडवलं, हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं. राउटर तर विसरला, आता खरं आपल्या दोघांनाच माहीत. चारपर्यंत नाव सांगितलं नाही तर मला काढून टाकतील. मी तुझं नाव घेणार नाही, गप्प बसून राहीन.

मी आणि गप्प! विचार कर, आणि चारच्या आत ये.

तुझी टकळी