हात लावल्यास

३ फेब्रुवारी

निषेध! माणसाच्या पाठीचा आराखडा ज्याने कुणी केला, त्याच्याविरुद्ध मी आज या पानावर रीतसर तक्रार नोंदवते आहे. दोन खवाट्यांच्या मधोमध वीतभर जागा अशी ठेवलीय की तिथे ना उजवा हात पोचतो, ना डावा. आणि खाज नेमकी तिथेच!

आई होती तोवर तिची फणी होती. आता दाराची चौकट आहे. सकाळी म्हशीसारखी पाठ घासत उभी होते, तर समोरच्या काकू दूध घ्यायला बाहेर. "काय गं, काही होतंय का?" "छे, व्यायाम." बावन्न वर्षांच्या बाईने खोटं बोलावं, तेही चौकटीच्या साक्षीने.

५ फेब्रुवारी

आज बोलले फक्त भाजीवाल्याशी. आणि लिफ्टशी.

८ फेब्रुवारी, रविवार

सॉफ्टबॉलची मॅच. जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या प्लेटमागे मी पंच, माझ्यापुढे उकिडवी बसलेली कुकर — म्हणजे एका संघाची कॅचर, बॅटरमागे चेंडू झेलणारी. हे नाव मी ठेवलेलं. दोन शिट्ट्या होतात, मग झाकण उडतं. तिसऱ्या डावात मी 'बॉल', म्हणजे चेंडू चुकीचा, असा निकाल दिला तर फुसफुसली, "मॅडम, स्ट्राइक होता. आंधळ्यालाही दिसला असता."

"मग आंधळ्याला विचारून ये. ताकीद!"

हसली! ताकीद मिळाल्यावर हसणारी ही एकटीच.

पुढे बॅटची कड घेऊन चेंडू माझ्या गुडघ्यावर बसला. कुकरने खेळ थांबवायला टाइम मागितला आणि रमतगमत चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे जाऊन गप्पा ठोकत उभी राहिली. हा आमच्या खेळातला मुका व्यवहार. पंचाला लागलं की कॅचरने पिचरकडे जायचं — तेवढ्यात पंचाने कळ जिरवायची. कॅचरला लागलं की पंचाने प्लेट झाडायची, स्वच्छ असली तरी. कोणी कोणाचे आभार मानत नाही.

मी मात्र स्वच्छ प्लेट आजवर झाडलेली नाही. माती नाही तर ब्रश कशाला?

११ फेब्रुवारी

नव्या पंचांचा वर्ग घेतला. "खेळाडूने पंचास हात लावल्यास तात्काळ मैदानाबाहेर व पुढील सामन्यास बंदी." नियमपत्रकातले हे शब्द माझेच. एकाने विचारलं, "मॅडम, चुकून लागला तर?"

"स्पर्श म्हणजे स्पर्श. चुकून-बिकून घरी."

घरी आले आणि लक्षात आलं — घरीही नियम कडक चालू आहे. आईला उठवून बसवायचे, ती गळ्यात हात टाकायची. त्यानंतर मला कोणी हात लावलेला नाही. दुकानदारसुद्धा सुटे पैसे काचेवर ठेवतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

सेमीफायनल. कुकरला एक ताकीद देऊन झाली होती. नेहमीचंच.

मग मुस्काटात बसावी तसा चेंडू मास्कवर. कानात घंटा, मैदान एका बाजूला कललेलं. आणि पाठीवर एक हात! अख्खा पंजा. नेमका त्या जागी!

"श्वास घ्या. पडाल नाहीतर. मी धरलंय."

वाटलं, राहू दे. आणखी थोडा वेळ राहू दे.

तेवढ्यात समोरच्या संघाची कोच ओरडली, "पंचांना हात लावला! आधीच ताकीद आहे तिला! मॅडम, तुमचाच नियम ना?"

मी ताठ झाले. बोट दाखवलं. बाहेर.

वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त मास्क काढला. "गुडघे गेलेत माझे, मॅडम. ही फायनल शेवटची होती."

तिचा संघ जिंकला. फायनल पुढच्या रविवारी आणि हिला बंदी. गुरुवारी समितीपुढे दोघी.

१६ फेब्रुवारी

आश्चर्य! पाठ खाजत नाही. बाकी सगळं खाजतंय.

१९ फेब्रुवारी

समिती म्हणजे तीन खुर्च्या आणि एक पंखा. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य — समोरच्याला तोंड उघडायला लावायची जुनी सवय. कुकर ऑफिसच्या कपड्यांत, इस्त्रीबिस्त्री करून. ओळखूच येईना. ती कोचही हजर, साक्षीला.

"हात लावला की नाही, एवढंच सांगा बाई."

"नाही."

"अहो, सगळ्या मैदानाने पाहिलं!" कोच उठलीच.

"लावला नाही. दिला. मी पडत होते, तिने हात दिला. पत्रकात 'हात लावल्यास' आहे, 'हात दिल्यास' नाही. शब्द माझे आहेत, मला माहीत."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग बाहेर का काढलंत?"

"चुकलं माझं."

खरं कारण समितीला कशाला? बरं वाटलं म्हणून. इतकं बरं वाटलं की घाबरले.

बंदी उठली. कोच जाताजाता ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "बाई मऊ पडल्या." जिन्यात कुकर भेटली. "हात दिला म्हणे! वकील व्हायला हवं होतं तुम्ही."

"ताकीद देऊ?"

"इथे? जिन्यात?" आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत खाली गेली. गुडघे खरंच गेलेत.

मी वरच उभी राहिले. थँक्यू म्हणायचं राहिलंच. आमच्यात म्हणत नाहीत म्हणा.

२२ फेब्रुवारी, रविवार

फायनल. पाचव्या डावात चेंडू कुकरच्या गळ्याखाली बसला. हूं की चूं केलं नाही, पण पाठ थरथरत होती.

प्लेट लख्ख होती. मी टाइम दिला, पुढे जाऊन मैदानाकडे पाठ केली, तिच्यासमोर वाकले आणि ब्रश काढला. झाडत राहिले. एक कडा, दुसरी कडा, परत पहिली.

मास्कमधून आवाज आला, "मॅडम... स्वच्छच आहे की."

"दिसतंय मला. तू श्वास घे."