कोटाला अजून कात्री लावू नका

तीर्थरूप बाबा,

रागवायच्या आधी माझा नमस्कार घ्या.

लॉ कॉलेजात मिळालेली जागा मी सोडली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार, याहून चांगल्या कॉलेजांत. ज्यांच्या ऑफिसात मी टायपिंग करते ते वकीलसाहेब म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस." दादानंही फोनवर तेच ऐकवलं. दोघांचं ऐकून घेतलं आणि मला हवं तेच केलं.

तब्येत उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक वेळा. आईचा गुडघा कसा आहे?

खरं कारण तुम्हालाच सांगते. अर्जासोबत स्वतःबद्दल दोन पानं लिहायची होती. माझी पानं वकीलसाहेबांनी सुधारली, आणि त्यात तुम्ही 'वस्त्रोद्योजक' झालात. मी वाचलं आणि तशीच पाठवून दिली. त्या पानांवर मिळालेली जागा मला नको.

एक टाका चुकला तर तुम्ही अख्खी कॉलर उसवता. गिऱ्हाईक दारात कितीही ओरडलं तरी मान वर करत नाही. मग मी कुणाला घाबरू? रात्री थोडी घाबरते, पण ते आईला सांगू नका.

या वेळी पहिलीच ओळ अशी असेल: माझे वडील शिंपी आहेत, वकिलांचे काळे कोट शिवतात, आणि त्या कोटांची काजं लहानपणी मी करायचे.

माझ्या कोटाचं कापड आणून ठेवलंय म्हणे तुम्ही. त्याला अजून कात्री लावू नका. वर्षभरानं माप द्यायला येते. काजं मात्र माझी मीच करणार.

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी