ओढ्याच्या पाण्यासाठी कर्ज
घोटावडे, शुक्रवार, रात्र

ग्रामसभेत आज ठराव पडला. सरपंच म्हणून मीच मांडला होता. गावाचं आणि वरच्या अंगाला झालेल्या नव्या सोसायट्यांचं सांडपाणी ओढ्यात जातं, ते शुद्ध करायच्या प्रकल्पाला सरकार कर्ज देतंय. फेडायला घरपट्टीबरोबर थोडा कर वाढवावा लागेल, एवढंच सांगितलं.

माझे थोरले दीर उठले. "घाण करायची वरच्या सोसायट्यांनी, आन् कर्ज फेडायचं आमी व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं चुकलं तरी काय? सोसायट्यांमधलं तर कोणी आलंच नव्हतं.

मग सुमनताई उठल्या. त्यांची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, विहीर अगदी काठावर. विहिरीचं पाणी त्यांनी तांब्यात भरून आणलं होतं. "सरपंचबाई, वास घिऊन बघा." तांब्या हातोहात फिरला. दिरांनी वास न घेताच पुढे दिला. मी घेतला. जेवायला बसले तरी तोच वास येत होता, की भास?

हात वर झाले ते फक्त खालच्या वस्तीचे. आणि माझा. दीर माझ्याकडे बघतच राहिले.

सभा संपल्यावर सुमनताई पायरीवर थांबल्या होत्या. "मग आता आमी काय करायचं?"

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "तोवर पाणी उकळून प्या."

"उकाळलं की वास लई वाढतो, बाई."

त्या रागावल्या नव्हत्या. मला समजावून सांगत होत्या.