बाबा, उद्या धुरे मोडतोय

प्रिय बाबा,

जय भीम. तुमच्याशी मनात रोजच बोलते, पण आज लिहायलाच बसले. उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय आणि आम्हा तिघांच्या वावरांमध्ये हद्दीसाठी तुम्ही घातलेले मातीचे धुरे आम्ही मोडणार आहोत. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

वाटणीचा दिवस आठवतो? सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं रान, वर मुरमाड, खाली काळं. कोणाच्याच वाट्याला नुसता मुरूम येऊ नये म्हणून तुम्ही डोंगरापासून नाल्यापर्यंत तीन लांब पट्ट्या पाडल्या. दोन भावांच्या दोन, मधली माझी. "पोरीले काऊन देता?" लोकांनी विचारलं. "तिले पोट नाही काय?" तुम्ही म्हणालात. घरी येऊन मी खूप रडले होते.

एवढा न्याय केलात, मग पाण्याचा विचार कसा नाही केला हो? अरुंद पट्टीत आडवं वळायला जागाच नाही. म्हणून नांगरट उभी, पेरणीही उभी, उताराच्या तोंडाने. तुमच्या वेळी दिवसदिवस बारीक पावसाची झड लागायची, माती पाणी पिऊन घ्यायची. आता महिनाभर थेंब नाही आणि मग एका दुपारीच सगळं ओतून जातं. वरचं जंगलही विरळ झालं. पाणी नांगराच्या तासातासांतून खाली पळतं आणि मातीला सोबत नेतं. माझ्या पट्टीत वरच्या अंगाला आता गोटेच उरलेत.

धुरे मोडायला दादा लगेच कबूल झाला. धाकटा प्रकाश मात्र अडला. "बाबाच्या हातचा धुरा हाये, मी मोडू देत नाही."

"मग माती गेल्यावर काय वाटून घेशील, गोटे?" मी चिडलेच.

गेल्या पावसाळ्यात त्याची उगवलेली कपाशी नाल्यात गेली. तेव्हा घरी आला, तुमच्या फोटोकडे न पाहता म्हणाला, "ताई, मोडून टाक."

आता तिघांचं रान एक. नांगरट आडवी, बांध आडवे. वरच्या मुरमाडावर नांगर घालायचाच नाही, तिथे गवत आणि सीताफळ. पिकाचे तीन वाटे.

खरं सांगू? मला भीती वाटते. धुरा आहे तोवर गावाला दिसतं, की हे सुजाताचं वावर. उद्यापासून दिसणार नाही. पुढेमागे भाचे विचारतील, आत्याचं इथे काय?

तरीही मोडणार. माती तुमच्या नातवंडांसाठी जागेवर ठेवीन, बाबा, आणि तिच्यातला माझा वाटा कोणी मागितला तरी सोडणार नाही. हा शब्द देते.

तुमची हिस्सेदार लेक,
सुजाता