पूर्वेकडची ओली भिंत

२ नोव्हेंबर, रविवार

वही उघडली तर शेवटची नोंद उन्हाळ्यातली, आंब्याच्या पेटीबद्दल. मधले सगळे महिने कोरे. माफी मागायची तर माझीच मला. मागितली. कारणं देत बसले तर त्यातच पान संपेल.

मोशीत या रो-हाउसमध्ये आलो तेव्हा तळघर म्हणजे बिल्डरने गळ्यात मारलेली अडगळ वाटली होती. आता घरातली सर्वांत कामाची खोली तीच. तिथे उषा गोधड्या शिवते. उषा म्हणजे अविची धाकटी बहीण, माझी नणंद. नवरा गेल्यावर उदगीरहून चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. लोक साड्या आणून देतात, ही त्यांची गोधडी करून देते. बहुतेक साड्या गेलेल्या आईच्या, आजीच्या.

आज पूर्वेच्या भिंतीलगतचा गठ्ठा उचलला तर खालची साडी दमट, आणि जांभळ्या काठावर काळे ठिपके. बुरशी. पिंपळे सौदागरच्या एका शिक्षिकाबाईंच्या आईची साडी.

उषा साडी घेऊन वर गेली, रिठे भिजत घातले.

३ नोव्हेंबर, सोमवार

ठिपके फिकट झाले, गेले नाहीत. बाईंना फोन मी करते म्हटलं. "नको वैनी, साडी माझ्या हातात दिली होती त्यांनी." स्वतःच केला. बाई म्हणाल्या म्हणे, आईच्या ट्रंकेलाही असाच कुबट वास यायचा, राहू द्या. चांगल्या आहेत. पण उषाचं ठरलं ते ठरलं: भिंत कोरडी होईस्तोवर नवीन साडी घ्यायची नाही.

संध्याकाळी तिच्या दिराचा उदगीरहून फोन. घर तुमचंच आहे, या परत. तिथे गेली की पुन्हा दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात दिवसभर. सुई-दोरा बंद. तिलाही ते माहीत आहे. "महिनाअखेरीला सांगते," म्हणाली.

ती इथेच राहावी असं मला वाटतं. तिच्यासाठी वाटतं, की मी फर्स्ट शिफ्टला निघताना डबा तयार असतो म्हणून? दोन्ही असेल. दुसरं किती, ते मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीत क्वालिटीचं काम करते, त्या सवयीने वॉटरप्रूफिंगवाल्या तीन जणांना बोलावलं, तक्ता केला. पहिला आतून केमिकलचे थर देणार; काम झटपट, वर हमीचं कार्ड. दुसरा भिंतीला भोकं पाडून ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंट, दाबून भरणार. तिसऱ्याचं बॉक्स वॉटरप्रूफिंग: बाहेरून खणून भिंत उघडी करायची आणि शहाबादी फरश्या लावायच्या. पण बाहेर म्हणजे शेजारच्या आबांचं अंगण.

रोग तिघांनी एकच सांगितला, पावसाचं पाणी जमिनीत मुरलंय. औषध ज्याने त्याने आपापल्या दुकानातलं दिलं.

अवि: "आतून करून टाक. विषय संपव."

मी आधी एक करते. चारही भिंतींवर प्लॅस्टिकचे कागद, कडा चिकटपट्टीने बंद. शनिवारी उघडायचे.

८ नोव्हेंबर, शनिवार

तीन भिंतींवरचे कागद कोरडे. पूर्वेचा मागून ओला, भिंतीकडच्या बाजूला थेंबच थेंब. म्हणजे हवेतला दमटपणा नाही, पाणी भिंतीतून येतंय. पावसाचं असेल तर एकाच भिंतीवर एवढी माया का?

उषा: "वैनी, हसू नका. नळाला पाणी येतं त्या दिवशी संध्याकाळी भिंत जास्त घामेजते बघा. मधल्या दिवशी जरा बरी असते."

हसले मी. नळाचा काय संबंध!

जेवताना हसू जिरलं. पाणी दिवसाआड येतं. आलं की सगळी गल्ली टाक्या भरते. आणि या भिंतीपलीकडे, वीतभर माती सोडली की, आबांची जमिनीतली टाकी. तिच्या लोखंडी झाकणावरच तर ते रोज खुर्ची टाकून बसतात. इतकी वर्षं नमस्कार करतेय त्या खुर्चीला.

९ नोव्हेंबर, रविवार

आबांकडे गेले. या रांगेखालची जमीन एके काळी त्यांची. विकली तेव्हा एक घर स्वतःला ठेवलं आणि टाकी मात्र बिल्डरच्या माणसांना हात लावू दिली नाही, स्वतः बांधली. हे माहीत असूनही सरळ विचारलं. आबा, फक्त एकदा, पाणी येईल त्या दिवशी टाकी भरू नका. आमची भिंत सुकते का बघू.

"नळाला पाणी आसताना टाकी न्हाई भरायची? येडी का खुळी तू?"

"आमच्या टाकीतून पाइप देते ना."

"शेजाऱ्याच्या पाइपावर जगायची येळ न्हाई आली आजून. आन ऐक, त्या टाकीची घोटाई म्या ह्या हातानं केलीया. तुमच्या बिल्डरचं घर गळंल, माजी टाकी न्हाई गळायची."

मग झाकण उचलून मासे दाखवले. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडलेत त्यात. "बघ, कसं मजेत हायती. गळकी आसती तर ऱ्हायलं आसतं का?"

माशांना बघून परत आले.

अवि म्हणतो, माझा आवाज ऑडिटचा होता. असेल. कारण शोधायला गेले होते की गुन्हेगार?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आतून थर देणारा येऊन भिंत मोजून गेला. होकार ओठांवर होता. सहज विचारलं, मग ते पाणी जाणार कुठे?

"कुठं नाय मॅडम, मागंच राहणार. आपल्याला काय? आपली बाजू कोरडी."

खरं बोलला माणूस, राग येण्यासारखं काही नव्हतं. पण एखाद्या सप्लायरने गळका पार्ट वरून सीलंट फासून पाठवला तर मी लॉट परत करते. इथे तेच विकत घ्यायला निघाले होते. आणि मागे अडलेलं पाणी उद्या आबांच्या घराच्या पायात शिरलं तर?

थांबा म्हणून सांगितलं त्याला.

अवि भडकला. "तत्त्वं तुझी, आणि बॅग भरणार उषा."

लागलं. कारण बरोबर आहे. थांबायचं मी ठरवलं, भोगायचं तिने. तिला विचारलंसुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उषाला विचारलं. उशिरा का होईना.

"घाईनं करून घेतलं आणि पुन्हा ओल आली, तर कोणत्या तोंडानं लोकांच्या आयांच्या साड्या घेऊ? थांबू की." मग दोऱ्याचं टोक दातांनी तोडत, "पण वैनी, तुम्ही आबांना सांगितलं. दाखवलं कुठं? मला कुणी म्हटलं तुमची शिलाई उसवली, तर मी आधी म्हणेन, आणा हिकडं, बघू दे."

खरंच की. भिंत आमच्या घरात, आबा त्यांच्या खुर्चीवर. त्यांनी माझ्या तोंडच्या शब्दावर टाकी का रिकामी ठेवावी?

बोलवायला तीच जाणार आहे. मी गेले तर पुन्हा ऑडिट.

१६ नोव्हेंबर, रविवार

आबा आले. पायऱ्या उतरताना कुरकुर, "मानसानं जमिनीच्या वर ऱ्हावं." पूर्वेच्या भिंतीला तळवा लावला. समोरच्या भिंतीला लावला. परत येऊन पुन्हा पहिलीला, या वेळी बराच वेळ. उषाने ती साडी उलगडून दाखवली.

"कुनाची?"

"एका बाईंच्या आईची. गेली ती."

ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. चहा नको म्हणाले. जाताना एवढंच, "व्हय. वल हाय."

अविच्या मते ही फेरी फुकट गेली. मला तसं वाटलं नाही. का, ते सांगता येत नाही, म्हणून वादही घातला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बूट घालत होते, चाकणची कंपनी-बस कोपऱ्यावर यायची वेळ. दारात आबा. हात काळे.

"काल टाकी भरली आन कोळशानं रेघ वढली. मोटार बंद, समदं बंद. आज झाकण उचलून बघतो तर चार बोटं पानी उतरलंया."

मी अर्धा बूट तसाच सोडून उठले. काहीही बोलले असते तरी चुकलंच असतं.

"तळ न्हाई हं. तळ माजा पक्का हाय. कोपरा आसंल एकांदा."

"कोपराच असेल, आबा."

"शनवारी उपसतो टाकी. रविवारच्या पान्याला भरत न्हाई. लावा तुमचा पाइप." दोन पायऱ्या उतरून परत वळले. "आन मासं कुटं ठिवायचं?"

बस चुकली. वाईट वाटलं नाही.

दिवसभर कामात ती कोळशाची रेघ डोळ्यांसमोर. आपल्याच कामाची अशी परीक्षा घ्यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी घेतली असती का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं ते असं. टाकी रिकामी असताना भिंत सुकू लागली, तर आबा टाकीला आतून नवीन अस्तर करून घेणार. गवंडी त्यांच्या पसंतीचा, आणि देखरेख अर्थात त्यांचीच. आम्ही आमच्या बाजूचं फुगलेलं प्लॅस्टर काढून भिंत उघडी ठेवणार. केमिकल सध्या नाही. नाहीच सुकली तर तक्ता पुन्हा काढायचा. चार बोटं पाणी दुसरीकडेही जात असेल, आबांनी कोपऱ्याचं काढलेलं अनुमान चुकेल, माझंही चुकेल. हे सगळं मान्य करूनही आज हलकं वाटतंय.

अवि पिंपरीहून लांबलचक पाइप घेऊन आला. मी सांगितलं नव्हतं. "आपला जुना त्यांच्या मोरीपर्यंत पोचणार नाही," एवढंच म्हणाला आणि टीव्ही लावला.

उषाने दिरांना अजून काही कळवलेलं नाही. तिची बॅग पलंगाखालीच आहे, माळ्यावर गेलेली नाही. मी विचारलं नाही. पण जेवताना तिनेच विचारलं, खाली कपाट ठेवायचं झालं तर भिंतीपासून किती सोडावं? हातभर, म्हटलं. बरोबर आहे की नाही कुणास ठाऊक.

उद्या: उषाचा साड्या भिजवायचा मोठा टब, साबणाचा अंशही राहणार नाही असा धुऊन ठेवणे. माशांसाठी.